स्प्रेडशीटमध्ये वेळा भराभर कशा भराव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटवरच्या रजिस्टरमधून कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळा स्प्रेडशीटमध्ये चढवायचं काम कारखान्यात, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात कुणाच्या तरी वाट्याला असतंच. चाळीस माणसं, दिवसाला दोन नोंदी, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोन हजारांहून जास्त वेळा टाइप कराव्या लागतात, आणि त्यावरच पगार निघतो. म्हणून इथे वेगाबरोबर अचूकतेचाही विचार केला आहे. उदाहरणं मस्टरची असली तरी हीच रीत बसच्या नोंदींना, पंपाच्या तासांना किंवा शाळेतल्या शर्यतींनाही चालते.

फॉर्म्युले वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, अंकही इंग्रजीच टाका. इंट म्हणजे आय-एन-टी, मॉड म्हणजे एम-ओ-डी. डॉलरडीई म्हणजे डॉलरपुढे डी-ई, इझनंबर म्हणजे आय-एसपुढे नंबर, एमराउंड म्हणजे एमपुढे राउंड, सगळं जोडून. टाइम, राउंड, इफ, ऑर, अँड, मॅक्स यांची स्पेलिंगं नेहमीचीच. ए२, सी२ ही सेलची नावं आहेत.

वेळ टाइप करायला एवढा वेळ का लागतो?

कोलनमुळे. आपल्याकडच्या नेहमीच्या कीबोर्डवर कोलनसाठी शिफ्ट धरून सेमीकोलनची कळ दाबावी लागते. उजवीकडच्या नंबर पॅडवर अंक आहेत, टिंब आहे, अधिक-उणे आहे, पण कोलन नाही. म्हणजे नंबर पॅडवर चाललेला हात प्रत्येक नोंदीला उचलून मधल्या कीबोर्डवर आणायचा, दुसऱ्या हाताने शिफ्ट धरायची आणि परत जागेवर जायचं. शिफ्ट नीट दबली नाही तर ९:३० च्या जागी ९;३० पडतं. ती वेळ उरत नाही, नुसता मजकूर होतो आणि बेरजेतून गुपचूप गळतो.

मग कोलनऐवजी टिंब टाकलं तर? आपण कागदावर ९.३० असंच लिहितो की.

लग्नपत्रिकेपासून वर्तमानपत्रापर्यंत मराठीत वेळ टिंबानेच लिहितात, त्यामुळे हात आपसूक तिकडे जातो. पण स्प्रेडशीटमध्ये टिंब हा दशांश चिन्ह आहे. ९.३० टाइप केलंत की ते नऊ पूर्णांक तीन दशांश होतं आणि शेवटचं शून्य दिसेनासं होतं. मग बेरीज करा: ९.३० आणि ८.४५ मिळून १७.७५. खरी बेरीज सव्वाअठरा तास, म्हणजे १८:१५. दिसायला आकडा बरोबर वाटतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने चालते आणि कुणाच्या तरी पगारातून पैसे जात राहतात.

पण माझ्याकडे वर्षभराच्या वेळा टिंबानेच भरलेल्या आहेत. फाइंड-रिप्लेसने टिंबाचं कोलन करू का?

अजिबात नको. सेलमध्ये आत ९.३ आहे, ९.३० नाही. रिप्लेस केलं की त्याचं ९:३ होतं आणि एक्सेल ते ९:०३ समजतं. ९.१०, ९.२०, ९.३०, ९.४०, ९.५० या सगळ्या वेळा अशा बिघडतात आणि बाकीच्या बहुतेक नीट राहतात. त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काही कळत नाही.

त्याऐवजी शेजारी नवा कॉलम घ्या आणि त्यात हा फॉर्म्युला टाका:

=टाइम(इंट(ए२),राउंड(मॉड(ए२,१)*१००,०),०)

इंटने तास निघतात, मॉडने टिंबापुढचा भाग. राउंड गाळू नका. दशांश अपूर्णांक संगणक आत दोनच्या पायावर साठवतो, त्यामुळे .२९ ला शंभराने गुणल्यावर एकोणतीसला किंचित कमी असं काहीतरी येऊ शकतं. टाइम फंक्शन पुढचे दशांश कापून टाकतं, आणि तुमचं एक मिनिट जातं.

दुसरा मार्ग डॉलरडीई नावाच्या फंक्शनचा. ते मुळात शेअर बाजारातले अपूर्णांकातले भाव दशांशात आणण्यासाठी आहे, पण साठावर ते वेळेलाही छान चालतं: =डॉलरडीई(ए२,६०)/२४. डॉलरडीई ९.३० चे साडेनऊ तास करतं, चोवीसने भागलं की खरी वेळ होते. सेलला वेळेचा फॉरमॅट द्यायला विसरू नका.

सगळ्यात वेगवान पद्धत कुठली?

चार आकडे, मध्ये काही नाही. साडेनऊ म्हणजे ९३०, संध्याकाळचे पावणेसहा म्हणजे १७४५, मध्यरात्रीनंतर पाच मिनिटं म्हणजे नुसते ५. हात नंबर पॅडवरून हलत नाही. कोलन घालायचं काम शेजारच्या कॉलममधल्या फॉर्म्युल्याला द्यायचं.

टाइप करायचा कॉलम वेगळा आणि वेळेचा कॉलम वेगळा, या एका गोष्टीवर मी ठाम आहे. जे रजिस्टरमध्ये दिसलं ते जसंच्या तसं एका जागी राहतं. पुढे कामगार येऊन म्हणाला, "साहेब, माझे दोन तास कमी धरलेत," तर टायपिंग चुकलं की हिशेब चुकला हे लगेच दाखवता येतं. टाइप केलेला आकडाच मोडून त्याची वेळ करणाऱ्या पद्धतींत हा पुरावा राहत नाही.

मांडणी अशी ठेवा: ए मध्ये तारीख, बी मध्ये नाव, सी मध्ये आत आल्याचे चार आकडे, डी मध्ये बाहेर गेल्याचे चार आकडे. ई आणि एफ मध्ये खऱ्या वेळा, जी मध्ये मिनिटं. ई२ मध्ये:

=इफ(सी२="","",टाइम(इंट(सी२/१००),मॉड(सी२,१००),०))

शंभराने भागून पूर्णांक घेतला की तास, शंभराने भागून उरलेली बाकी म्हणजे मिनिटं. सुरुवातीचं इफ रिकाम्या ओळींसाठी आहे. ते नसेल तर गैरहजर माणूसही मध्यरात्री बाराला आल्यासारखा दिसतो. हाच फॉर्म्युला एफ२ मध्ये डी साठी लावा आणि दोन्ही खाली ओढा. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क, तिन्हीकडे तो जसाच्या तसा चालतो.

सी आणि डी कॉलमना फिकट रंग द्या आणि फॉरमॅट चार शून्यांचा ठेवा, म्हणजे ५ टाकल्यावर ०००५ दिसेल. रंग पाहून नव्या माणसालाही कळतं की टाइप कुठे करायचं आहे. बाकीचे कॉलम शीट प्रोटेक्ट करून बंद ठेवलेले बरे.

मी ९३० टाइप केलं तर ०:०० दिसतं. का?

त्या सेलला आधीच वेळेचा फॉरमॅट आहे म्हणून. स्प्रेडशीटच्या हिशेबात १ म्हणजे एक पूर्ण दिवस. दुपारचे बारा म्हणजे ०.५, सकाळचे सहा म्हणजे ०.२५, एक तास म्हणजे एक भागिले २४, एक मिनिट म्हणजे एक भागिले १४४०. तेव्हा ९३० म्हणजे ९३० दिवस! वर फॉर्म्युला बारमध्ये पाहिलंत तर १८ जुलै १९०२, मध्यरात्र अशी तारीख दिसेल. वेळेचा भाग शून्य, म्हणून सेलमध्ये ०:००.

एक्सेलची आणखी एक सवय अशी की एखाद्या सेलमध्ये एकदा कोलन घालून वेळ टाकली की तो सेल स्वतःहून वेळेच्या फॉरमॅटमध्ये जातो. नंतर तिथे चार आकडे टाकले तर हाच घोळ होतो. म्हणून टाइप करायच्या कॉलमचा फॉरमॅट आधीच ठरवून घ्यावा.

दिवसाचा भाग ही कल्पना एकदा डोक्यात बसली की या पानावरची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

फॉरमॅट बदलून ९३० चं ९:३० दाखवता येतं असं ऐकलं. मग फॉर्म्युला कशाला?

येतं. कस्टम फॉरमॅटमध्ये दोन शून्यं, उलटी तिरकी रेघ, कोलन, पुन्हा दोन शून्यं असं लिहिलं की ९३० हा आकडा ०९:३० असा दिसतो. पण तो फक्त दिसतो. आत ९३०च आहे आणि वजाबाकी ९३०चीच होते.

यातला धोका असा की निम्म्या वेळा उत्तर बरोबर येतं. ८०५ ला आला, १७४० ला गेला: १७४० वजा ८०५ म्हणजे ९३५, आणि खरंच ९ तास ३५ मिनिटंच झाली. पाहणाऱ्याचा विश्वास बसतो. दुसऱ्या दिवशी ८५० ला आला, १७३० ला गेला: वजाबाकी ८८०. खरे ८ तास ४० मिनिटं. जाण्याची मिनिटं येण्याच्या मिनिटांपेक्षा कमी असली की हातचा शंभराचा घेतला जातो, साठाचा नाही, आणि नेमका ४० चा फरक पडतो.

नुसती यादी छापायची असेल, हिशेब करायचाच नसेल, तर हा फॉरमॅट खुशाल वापरा.

नवा कॉलम नको, कोलन घालूनच टाइप करायचं आहे. त्यात काही सोय?

एक्सेलमध्ये ऑटोकरेक्टची युक्ती आहे. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने जा. "रिप्लेस"मध्ये दोन टिंबं आणि "विथ"मध्ये कोलन टाका. यापुढे नंबर पॅडवर ९..३० टाइप करून एंटर दाबलं की ९:३० ही खरी वेळ बसते. हात पॅडवरच राहतो.

यात अडचण अशी की ऑटोकरेक्टची यादी ऑफिसच्या सगळ्या प्रोग्रॅम्सना सामाईक असते. त्याच संगणकावर कुणी वर्डमध्ये पत्र लिहिताना दोन टिंबं दिली तर तिथेही कोलन येईल. ऑफिसात एकच संगणक चौघे वापरत असतील तर आधी सगळ्यांना सांगा, किंवा टिंबांऐवजी दोन अधिक चिन्हं ठेवा. ती पत्रात सहसा लागत नाहीत.

बारीकसारीक सोयी आणखीही आहेत. एक्सेलमध्ये ९ आणि कोलन एवढंच टाकलं तरी ९:०० धरलं जातं. ९:३० नंतर एक जागा सोडून पी टाकलं की रात्रीचे साडेनऊ होतात, पीएम पूर्ण लिहावं लागत नाही. जागा मात्र सोडायलाच हवी. गूगल शीट्समध्ये पीएम पूर्ण लिहावं.

आत्ताची वेळ एका दाबात टाकता येते का?

येते, आणि गेटवरच संगणक असेल तर टायपिंगच वाचतं. विंडोजवर एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस तिघांमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि सेमीकोलन या तीन कळा एकत्र दाबा. शिफ्ट न दाबता कंट्रोल आणि सेमीकोलन दाबलं तर आजची तारीख येते. गूगल शीट्समध्ये कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि सेमीकोलन मिळून तारीख आणि वेळ एकदम येतात. मॅकवरच्या एक्सेलमध्ये वेळेसाठी कमांड आणि सेमीकोलन, तारखेसाठी कंट्रोल आणि सेमीकोलन.

अशी टाकलेली वेळ पक्की असते, पुढे बदलत नाही.

त्यासाठी नाऊ फंक्शन वापरलं तर?

हजेरीसाठी नको. नाऊ दर वेळी नव्याने मोजलं जातं. सकाळी आठला टाकलं आणि दुपारी शीटमध्ये दुसरीकडे काही बदललं की तिथे दुपारची वेळ दिसणार. कामगार आठला आला होता याचा पुरावाच पुसला जातो.

गूगल शीट्समध्ये नाऊ कुठल्या घड्याळाप्रमाणे चालतं हे त्या फाइलच्या सेटिंगमधल्या टाइम झोनवर ठरतं. परदेशातल्या नातेवाइकाने किंवा भागीदाराने फाइल बनवून पाठवली असेल तर ती तिकडच्या वेळेवर असू शकते. फाइल, सेटिंग्ज मध्ये जाऊन भारतीय वेळ निवडून घ्या.

रात्रपाळीची वजाबाकी केली की नुसती चौकटीची चिन्हं (#) भरून येतात. काय करू?

रात्री २२:०० ला आला, सकाळी ०६:१० ला गेला. सहा वजा बावीस म्हणजे उत्तर उणे येतं. एक्सेलला नेहमीच्या सेटिंगमध्ये उणे वेळ दाखवता येत नाही, म्हणून सेलभर ती जाळीची चिन्हं येतात. गूगल शीट्समध्ये उणे चिन्हासह आकडा दिसू शकतो, पण तोही कामाचा नाही.

उपाय छोटा आहे:

=मॉड(एफ२-ई२,१)

उत्तर उणे आलं तर मॉड त्यात एक पूर्ण दिवस मिळवतं, नसेल तर तसंच ठेवतं. वरच्या उदाहरणात ८ तास १० मिनिटं येतात. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या माणसांनाही हाच फॉर्म्युला चालतो, त्यामुळे पाळीप्रमाणे वेगळे फॉर्म्युले ठेवायची गरज नाही.

कुणी चोवीस तासांहून जास्त थांबला तर मात्र मॉडला ते कळणार नाही. बॉयलरवर किंवा सुरक्षेच्या कामावर सलग दोन-तीन पाळ्या होतात तिथे येण्याची तारीख आणि जाण्याची तारीख वेगळी लिहा, तारीख अधिक वेळ अशी बेरीज करून मग वजाबाकी करा.

उत्तर तासांत ठेवावं की मिनिटांत?

मी मिनिटांच्या बाजूने आहे. जी२ मध्ये:

=इफ(ऑर(ई२="",एफ२=""),"",राउंड(मॉड(एफ२-ई२,१)*१४४०,०))

वेळ आत दशांश अपूर्णांकात साठते, त्यामुळे दोन वेळांची वजाबाकी कधी कधी आठ तासांपेक्षा अगदी सूक्ष्म कमी निघते. डोळ्यांना ८:००च दिसतं, पण "आठ तास पूर्ण झाले का" असं विचारणारा फॉर्म्युला नाही म्हणतो. राउंड करून पूर्ण मिनिटं काढली की ४८० म्हणजे ४८०च, प्रश्न मिटला. बेरजाही सरळ होतात. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा करायची तर फक्त ३० वजा करा.

ज्यादा कामाची मिनिटं: =इफ(जी२="","",मॅक्स(०,जी२-४८०)). सुट्टी पगारी नसेल तर ४८० च्या जागी ५१० ठेवा. मॅक्स असल्यामुळे लवकर गेलेल्या दिवशी उणे आकडा येत नाही. सुरुवातीचं इफ इथेही हवं. रिकाम्या अवतरण चिन्हांतून वजाबाकी करायला गेलात तर एरर येते.

महिन्याच्या शेवटी एकूण मिनिटं तास-मिनिटांत दाखवायची असतील तर १४४० ने भागा आणि पुढच्या प्रश्नातला फॉरमॅट द्या.

आठवड्याची बेरीज केली, एक्कावन्न तासांच्या जागी ३:०० दिसतं.

साडेआठ तास गुणिले सहा दिवस म्हणजे ५१ तास. त्यातून दोन पूर्ण दिवसांचे ४८ तास बाजूला पडले आणि उरलेले तीन दिसले. घड्याळाचा फॉरमॅट २४ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

एक्सेलमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये कस्टम फॉरमॅटमध्ये तासाचं एच चौकटी कंसात घाला: [एच]:एमएम. गूगल शीट्समध्ये फॉरमॅट, नंबर, ड्युरेशन. आकडा आत बरोबरच असतो, फक्त दाखवणं बदलतं.

तासांना दराने गुणलं तर पगार फारच कमी येतो.

८ तास ४० मिनिटं आणि ताशी ९० रुपये. वेळेच्या सेलला थेट ९० ने गुणलं तर ३२.५० येतात, कारण आत दिवसाचा भाग आहे. आणखी २४ ने गुणा, ७८० रुपये येतील. सेलला आपोआप वेळेचा फॉरमॅट लागला असेल तर तो बदलून संख्या करा. मिनिटांत हिशेब ठेवला असेल तर मिनिटं भागिले ६० गुणिले दर, बस.

चुकीचे आकडे, म्हणजे ९७५ किंवा २५३०, पडले तर कसं कळणार?

टाइम फंक्शनला कळत नाही, तेच तर घातक आहे. ९७५ दिलं तर ते ९ तास ७५ मिनिटं म्हणजे १०:१५ असं मुकाट्याने करून देतं. २५३० दिलं तर चोवीस वजा करून १:३० देतं. एररचा पत्ता नाही.

म्हणून दारातच अडवा. सी आणि डी कॉलम सी२ पासून खाली निवडा, डेटा, डेटा व्हॅलिडेशन, कस्टम, आणि हा फॉर्म्युला:

=अँड(इझनंबर(सी२),सी२=इंट(सी२),सी२>=०,सी२<२४००,मॉड(सी२,१००)<६०)

इझनंबर मजकूर अडवतं, इंटची अट टिंब अडवते, बाकीच्या अटी तास-मिनिटांच्या मर्यादा सांभाळतात. गूगल शीट्समध्ये "रिजेक्ट" निवडायला हवं, नाहीतर नुसती सूचना दिसते आणि आकडा आत जातो. मध्यरात्रीसाठी २४०० चालणार नाही, ० टाका. ४ ते १२ ची पाळी मॉडमुळे बरोबर आठ तासच येते.

व्हॅलिडेशन फक्त टाइप केलेल्यावर लक्ष ठेवतं. दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलेलं ते तपासत नाही. त्यासाठी जी कॉलमवर कंडिशनल फॉरमॅटिंग लावून ठेवा: ९६० मिनिटांपेक्षा, म्हणजे सोळा तासांपेक्षा जास्त दिसलं की लाल. बहुतेकदा तिथे संध्याकाळचे ५४५ सकाळचे म्हणून गेलेले असतात.

बारा तासांचं घड्याळ ठेवावं की चोवीस तासांचं?

चोवीसचं. रेल्वेचं वेळापत्रक चोवीस तासांच्या घड्याळात असतं, त्यामुळे १७:४५ कुणाला परकं नाही. एएम-पीएम टाइप करायला दोन कळा जास्त लागतात आणि चुकीची जागाही एक वाढते. १२:३० नुसतं टाकलं तर स्प्रेडशीट ते दुपारचे साडेबारा धरते. रात्रीचे साडेबारा हवे असतील तर ०:३०, चार आकड्यांच्या पद्धतीत ३०.

गेटवरच्या रजिस्टरमध्येही चोवीस तासांतच लिहायची सवय लावता आली तर फार मोठं काम होतं. पहारेकऱ्याच्या टेबलावर १३ पासून २३ पर्यंतचा आणि मध्यरात्रीच्या ० चा छोटा तक्ता चिकटवून ठेवा.

एकजण वाचतो, दुसरा टाइप करतो. त्यात चुका जास्त होतात.

वाचणारा "पावणेसहा", "सव्वाआठ" असं सांगत असेल तर टाइप करणाऱ्याला दर वेळी मनात हिशेब करावा लागतो, आणि तो दमला की चुकतो. शिवाय आपल्या बोलण्यात एकक आधी येतो: पंचेचाळीस ऐकताना कानावर पाच आधी पडतात आणि बोटं ५४ कडे जातात. वाचणाऱ्याने अंक सुटे सांगावेत: एक, सात, चार, पाच. सुरुवातीला दोघांनाही अवघडल्यासारखं होतं, पण दोन दिवसांत लय बसते.

आत आणि बाहेर एका ओळीत भरायचं असेल तर पहिल्या सेलनंतर टॅब, दुसऱ्यानंतर एंटर. एक्सेल आपोआप पुढच्या ओळीच्या पहिल्या सेलवर आणून सोडतं. बाण दाबावा लागत नाही, माउसला हात लागत नाही.

सगळ्यांची वेळ सारखीच असेल तर?

सगळे सेल निवडा, एकदाच ८०० टाइप करा आणि एंटरऐवजी कंट्रोल-एंटर दाबा. सगळीकडे तेच भरतं. मग फक्त उशिरा आलेल्यांचे आकडे बदला. हे करताना गैरहजर माणसाची ओळ भरली जाणार नाही याची काळजी घ्या. माझ्या मते आधी रजिस्टर पाहून गैरहजरांच्या ओळी रंगवाव्यात आणि मगच भराव्यात.

दर पंधरा मिनिटांची वेळापत्रकं बनवायची आहेत.

पहिल्या दोन वेळा टाका, ९:०० आणि ९:१५, दोन्ही निवडा आणि कोपऱ्यातला ठिपका खाली ओढा. एकच वेळ निवडून ओढली तर एक्सेल एक-एक तासाने पुढे जातं. अशा ओढलेल्या वेळांवर पुढे शोधायचे फॉर्म्युले लावणार असाल तर आधी =राउंड(ए२*१४४०,०)/१४४० करून घ्या. नाहीतर समोर ९:४५ दिसत असूनही "सापडलं नाही" असं उत्तर येऊ शकतं.

आलेल्या वेळा पंधरा मिनिटांच्या टप्प्यावर आणायच्या असतील तर एमराउंड आहे: =एमराउंड(ए२,१/९६). पण हे करण्याआधी नियम कामगारांना माहीत आहे ना ते बघा. येण्याची वेळ पुढे आणि जाण्याची वेळ मागे, असं दोन्हीकडून कापणारं राउंडिंग अन्यायाचं आहे.

शर्यतीच्या वेळा, म्हणजे २ मिनिटं ३५ सेकंद, कशा टाकायच्या?

२:३५ टाकलंत तर दोन तास पस्तीस मिनिटं होतात. एक्सेलमध्ये ०:२:३५ टाका, किंवा शेवटी टिंब-शून्य लावून २:३५.० टाका, टिंब दिसलं की ते मिनिट-सेकंद धरतं. सगळं आधीच चुकीचं भरून झालं असेल तर एका रिकाम्या सेलमध्ये ६० लिहा, कॉपी करा, त्या सगळ्या वेळा निवडा आणि पेस्ट स्पेशलमध्ये "डिव्हाइड" निवडा. तासांची मिनिटं आणि मिनिटांचे सेकंद होतात. फॉरमॅट तेवढा बदलून घ्या.

चार आकड्यांची पद्धत इथेही आहे. २३५ टाइप करा आणि शेजारी =(इंट(ए२/१००)*६०+मॉड(ए२,१००))/८६४०० ठेवा. टाइम फंक्शनऐवजी हा हिशेब अशासाठी, की टाइम सेकंदाचे दशांश कापून टाकतं. पोहण्याच्या शर्यतीत २३५.४ आणि २३५.७ मध्ये पदक ठरतं.

बोटांच्या ठशाच्या मशीनमधून आलेल्या वेळांची बेरीजच होत नाही.

त्या मजकूर म्हणून आलेल्या असतात. ओळखायची खूण म्हणजे त्या सेलच्या डाव्या कडेला चिकटलेल्या दिसतात. खरी वेळ किंवा संख्या स्वतःहून उजवीकडे जाते. मागेपुढे मोकळ्या जागाही असू शकतात. =टाइमव्हॅल्यू(ट्रिम(ए२)) ने बहुतेक फाइली सुधारतात. पुढे "वा." किंवा मागे "स." असं लिहिलेलं असेल तर ते आधी रिप्लेसने काढून टाका.

वेळेच्या जागी मधूनच १९०० सालची तारीख दिसते.

त्या सेलला तारखेचा फॉरमॅट लागला आहे. एक्सेलची दिनगणना १ जानेवारी १९०० ला १ धरून चालते, म्हणून एकपेक्षा लहान आकड्याला ते शून्य जानेवारी १९०० म्हणतं. गूगल शीट्समध्ये तोच आकडा ३० डिसेंबर १८९९ दाखवतो. वेळ बिघडलेली नाही, फॉरमॅट बदला.

मॅक्रो लावून ९३० चं त्याच सेलमध्ये ९:३० करता येईल का?

येईल. मॅक्रो म्हणजे फाइलमध्येच ठेवलेला छोटा प्रोग्रॅम. सेल बदलला की चालणारा मॅक्रो लिहायचा. तो आकडा शंभराने तोडून वेळ करून तिथेच ठेवतो. टायपिंगला याहून सुटसुटीत काही नाही. एकट्या माणसाने एकाच संगणकावर वापरायचा असेल तर जरूर लावा.

पण पगाराच्या फाइलला मी तो लावत नाही. मॅक्रो चालला की आधीचं अनडू जातं, म्हणजे नजरचुकीने चुकीच्या ओळीत भरलं तर कंट्रोल-झेड कामाला येत नाही. फाइल मॅक्रोच्या प्रकारात सेव्ह करावी लागते. ईमेलने किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे हिशेबनिसाकडे फाइल पाठवली की तिथे तो बंद. तेव्हा तिकडचा माणूस ९३० टाकणार, ते ९३० दिवस होणार, आणि सेलमध्ये ०:०० दिसणार. मूळ आकडे वेगळ्या कॉलममध्ये असतील तर फाइल कुठेही उघडा, हिशेब तोच येतो.